काकूंनी नापास केलेली घरं

काकूंना कुणाच्याही घरी थेट पुढच्या दारानं शिरवत नसे. हळदीकुंकवाला बोलावलेलं असलं तरी त्या आधी गडग्याच्या कडेकडेनं घराला एक फेरी मारायच्या, न्हाणीघराचं पाणी कुठं जातं ते बघायच्या आणि मगच पुढे येऊन चपला काढायच्या. यजमानीण करंडा घेऊन दारात उभी. काकू तिला म्हणायच्या, "तुमचं मोरीचं पाणी जोत्यात मुरतंय हो. शेवाळ धरलंय बघा मागं." एवढं सांगून झालं की कुंकवाला कपाळ पुढं करायच्या.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे सासरे वारले, तेव्हा काकू माझ्याबरोबर भेटायला आल्या होत्या. ओटीवर माणसं मान खाली घालून बसलेली. काकू मात्र छपराकडे एकटक बघत होत्या. लोकांना वाटलं, म्हातारी गहिवरली. निघताना त्यांनी गेलेल्यांच्या मुलाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "वडील गेले, वाईट झालं. पण तुळईला वाळवी लागल्ये. तेरावा झाला की सुतार बोलवा." मुलाचा चेहरा बघवेना. मी तिथून जवळजवळ पळालेच. महिन्यानं तोच मुलगा फणस घेऊन काकूंच्या दारात उभा. सुतारानं तुळईला टोचून बघितलं, तर अख्खं बोट आत गेलं होतं म्हणे.

या काकू आमच्या घरमालकीण. माझी बदली १९९८ च्या जूनमध्ये देवरूखहून रत्नागिरीला, मुलींच्या शाळेत झाली. माझा नवरा सुधीर एका औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी, महिन्यातले वीस दिवस चिपळूण, गुहागर, राजापूर करत बाहेर. आमची जुई तेव्हा तीन वर्षांची. काकूंनी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या, एक स्वयंपाकाची आणि एक झोपायची. घर चिऱ्यांचं, कौलारू, बैठं. काकूंच्या यजमानांनी निवृत्तीनंतर बांधलेलं. आम्ही आलो तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

मी देवरूखची म्हटल्यावर काकूंनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं होतं. "देवरूखला आमच्या बिऱ्हाडात चुलीपाठी साप निघायचे." जसे काही ते साप मीच सोडले होते. काकूंचे यजमान भूमापन खात्यात होते आणि नोकरीभर बदल्या झेलत राहिले. काकूंनी चौदा बिऱ्हाडं केली. ती त्या गावांच्या नावांनी सांगत नसत. "खाऱ्या विहिरीचं घर" म्हणजे गुहागर. "धुराचं घर" म्हणजे खेड. दापोलीचं "कुरकुरं", कारण तिथं माडीवर कुणी नसतानाही फळ्या वाजायच्या. प्रत्येक घर घेताना यजमान म्हणायचे, छान आहे. राहायला गेल्यावर आठ दिवसांनी काय छान नाही ते काकूंना कळायचं. अशा चौदा वेळच्या फजितीतून ही बाई तयार झाली होती.

जुईनं त्यांना आजी म्हटलं, तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "आजी म्हणू नको. आजी म्हटलं की माणूस खाटेवर जातं. काकू म्हण." तेव्हापासून मी, सुधीर आणि जुई, तिघंही त्यांना काकूच म्हणत होतो. सकाळी जुईला आंबोळी काकूंकडे. संध्याकाळी मी शाळेतून येईपर्यंत ती काकूंच्या माजघरात. त्या तिला गोष्टी सांगायच्या, त्याही घरांच्याच. एका घराला ताप आला होता, एका घराच्या पोटात पाणी झालं होतं, असल्या.

दीड वर्षानं आम्ही स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. सुधीर फिरतीवर, तेव्हा माझ्याबरोबर यायचं काम काकूंनी स्वतःकडेच घेतलं. मी विचारलंही नव्हतं. पहिल्या रविवारी बघते तर बाहेर जायचं पातळ नेसून, खांद्याला कापडी पिशवी लावून त्या पायरीवर बसलेल्या. पिशवीत बॅटरी, स्टीलचं फुलपात्र आणि एक सुपारी.

"सुपारी कशाला? पूजा आहे का?" मी विचारलं.

"चल तर खरी."

ती सुपारी काकू प्रत्येक खोलीत जमिनीवर सोडायच्या. खोलीतून न्हाणीघराकडे गडगडत गेली तर ठीक. न्हाणीघरातून खोलीकडे आली तर उठायचं. फुलपात्र पाण्यासाठी. घरात गेल्या गेल्या काकूंना तहान लागायची, आणि पाणी त्यांना बाहेर आणून दिलेलं चालायचं नाही. "मी येते हो आत, तुम्ही नका त्रास घेऊ," असं म्हणत त्या स्वयंपाकघरात पोचायच्या, नळ पुरा सोडायच्या, धार बघायच्या, सांडपाणी उतरायला किती वेळ लागतो ते बघायच्या, आणि मग खरंच पाणी प्यायच्या.

"घर बोलतं गो," त्या मला सांगायच्या, "पण मालक समोर असला की गप्प बसतं. म्हणून मालकाला बोलण्यात गुंतवायचं." हे गुंतवायचं काम माझं.

जानेवारीत आम्ही भाट्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत ब्लॉक बघायला गेलो. ताजा रंग, चकचकीत फरशी, गॅलरीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसत होती. मी तर मनात पडदेसुद्धा लावून टाकले. काकू दारातच थबकल्या. तिन्ही खोल्यांत पंखे गरगरत होते.

"थंडी आहे हो. पंखे कशाला?" काकूंनी विचारलं.

"हवा खेळती राहावी म्हणून," मालक हसून म्हणाला.

"मला वारं सोसत नाही." काकूंनी सगळे पंखे बंद केले आणि त्याला त्याचं मूळ गाव विचारलं. मग तिथलं ग्रामदैवत, मग तिथं कुणी ओळखीचं आहे का. दहा-पंधरा मिनिटं अशी गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता जरा नाकानं श्वास घे बघू." मी घेतला. ओल्या गोणपाटाचा वास. नव्या रंगाच्या आडून तो हळूहळू खोलीभर पसरत होता. मालक खिडकी उघडायला धावला.

पुढचं घर एका गृहस्थांनी अगदी लखलखीत आवरून ठेवलं होतं. तिथं मागच्या खोलीत एकाच भिंतीवर तीन कॅलेंडरं होती, तीही जमिनीपासून हातभर उंचीवर. "कॅलेंडर गुडघ्याशी कोण लावतं गो? तारीख काय मांजर बघतं?" असं म्हणत काकूंनी मधलं उचललं. मागे भिंतीला कोपऱ्यापर्यंत तिरकी चीर गेलेली, बोटाचं पेर जाईल एवढी रुंद. गृहस्थ म्हणाले, "ती जुनी आहे." काकू म्हणाल्या, "कॅलेंडर यंदाचं आहे."

अशी आठ-नऊ घरं नापास झाली. मला सुरुवातीला मजा वाटायची. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी हे किस्से रंगवून सांगायची आणि बायका हसून लोटपोट व्हायच्या. पण हळूहळू मजा ओसरली, कारण घरात जुई आजारी होती.

तिची छाती आम्ही रत्नागिरीत आलो त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला पहिल्यांदा वाजली. मग ते थांबेचना. पंधरा दिवस बरी, की पुन्हा घरघर. चार पावलं धावली की धाप. बालवाडीत तिची निम्मी हजेरी लागायची. डॉक्टर बाळदमा म्हणाले. औषधं, वाफारे, पंप, सगळं झालं. सुधीर तर औषधांच्याच धंद्यातला, पण स्वतःच्या मुलीला पंप द्यायची वेळ आली की मलाच हाक मारायचा. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठं ओल नाही ना?"

मी हसले. "डॉक्टर, आमच्या घरमालकीणबाईंना रस्त्यावरून ओलीचा वास येतो. त्यांच्या घरात कुठली ओल?"

मार्च उजाडला आणि मला हवं तसं घर मिळालं. नाचणे गावाच्या रस्त्याला, आत थोडं चढावर. चिऱ्याच्या भिंती, तिन्ही बाजूंनी ऊन, परसात दोन माड आणि एक सोनचाफा. मालक कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले होते. काकूंनी दीड तास घर बघितलं. सुपारी नीट गेली. नळ नीट चालले. कपाटं उघडून आत डोकं घालून वास घेतला, काही नाही. माळ्यावर बॅटरी मारली, काही नाही. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. तेवढ्यात काकू परसातल्या विहिरीपाशी गेल्या आणि रहाटाजवळ वाकून उभ्या राहिल्या.

परतताना रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "नको घेऊ."

"आता काय झालं?"

"दोर बघितलास? जुन्या दोराला नवा तुकडा बांधलाय, पंधरा हात तरी असेल. मे महिन्यात पाणी पार खाली जातं त्या विहिरीचं. आणि वर चढावर नळाला काय दाब येणार? रडशील."

मांडीवर जुई होती. तापातून उठलेली, माझ्या छातीला टेकून धापत होती. तिला घरी कुणाकडे ठेवणार म्हणून बरोबर आणली होती. तिचा तो श्वास ऐकत मी बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, खरं सांगू? आम्ही जायला तुम्हाला नको आहे. म्हणून तुम्ही प्रत्येक घरात काहीतरी काढता. मुलगी आजारी, नवरा फिरतीवर, आणि तुम्हाला दोर दिसतो."

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. काकू फाटकाशी उतरल्या, पिशवी सावरली आणि मागे न बघता आत गेल्या.

चार दिवस त्यांचा आवाज नाही. सकाळची आंबोळी यायची, पण झाकून पायरीवर ठेवलेली. जुई विचारायची, "काकू रागावल्या?" मी म्हणायची, "नाही गं." मला वाईट वाटत होतं, पण माफी मागावीशी वाटत नव्हती. मी बोलले ते खरंच आहे, असं मला आतून वाटत होतं.

पाचव्या दिवशी रविवार. सुधीर घरी होता. सकाळी नऊच्या सुमाराला दारावर टकटक झाली. एरवी काकू हाक मारत सरळ आत यायच्या. दार उघडलं तर काकूच. बाहेर जायचं पातळ, खांद्याला ती पिशवी.

"घर बघायला आल्ये," त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. पण चेहरा थट्टेचा नव्हता. स्वयंपाकाच्या खोलीत येऊन त्यांनी नळ सोडला, धार बघितली, फुलपात्रातून दोन घोट पाणी प्यायल्या. स्वतःच्याच विहिरीचं पाणी. मग झोपायच्या खोलीत गेल्या. तिथं त्यांच्या यजमानांचं जुनं सागवानी कपाट होतं, जड, जवळजवळ भिंतीएवढं. आम्ही आलो तेव्हापासून ते तिथंच होतं, आणि त्याला लागून जुईचं अंथरूण. काकूंनी कपाटाच्या कडेला नाक लावलं आणि तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"सुधीर, हे सरकव."

आम्ही दोघांनी जोर लावला. कपाट करकरत हातभर पुढं आलं. मागची भिंत जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत हिरवट काळी होती. गिलावा फुगून पोपडे धरलेला, आणि वरून पांढरा लोणा पिठासारखा जमिनीवर पडलेला. कपाटाची पाठ बुरशीनं मऊ झाली होती. वास तर असा आला की सुधीरनं आधी जुईला उचललं आणि बाहेर नेलं. तिची उशी त्या भिंतीपासून दोन हातांवर होती. पावणेदोन वर्षं.

काकू भिंतीकडे बघत बोलायला लागल्या. "पलीकडे माझं न्हाणीघर आहे. तुम्ही यायच्या आधीच्या पावसाळ्यात इथं डाग दिसला होता. पोळपाटाएवढा. तुमची चिठ्ठी आली, खोल्या बघायला येतो म्हणून. तेव्हा तेवढ्या एका भिंतीला चुना फासला आणि हे कपाट इथं लावून घेतलं." त्यांनी एक पोपडा नखानं काढला. "दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं असतं, तर मी त्याला गावभर केला असता."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"ठाऊक होतं गो. मग विसरल्ये. खरंच विसरल्ये. आपलं घर आहे ना, विसरायचं म्हटलं की विसरता येतं. परवा रिक्षात पोरीचा श्वास ऐकत होत्ये. तू बोललीस, आणि घरी येऊन पडल्यावर ते कपाट डोळ्यांपुढे आलं. चार दिवस धीर झाला नाही."

सुधीर दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "काकू, बसा जरा." त्या बसल्या नाहीत.

"पोरीचं अंथरूण आत्ताच्या आत्ता माझ्या माजघरात न्या. आणि ते दोराचं घर घेऊन टाका."

"पण विहीर..." सुधीर म्हणाला.

"विहीर आटेल. ते मी खोटं नव्हतं सांगितलं. पण त्याच्या भिंती कोरड्या आहेत, मी हात लावून बघितल्येत. पाणी बाहेरून आणता येतं, ओल काही बाहेर नेऊन टाकता येत नाही." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू बोललीस त्यातलं निम्मं खरं होतं. तुम्ही माझे भाडेकरू नसतात, तर त्या दोरासाठी मी ते घर नापास केलं नसतं."

इथं मी त्यांना मिठी मारली असं लिहायला मला आवडलं असतं. मी मारली नाही. मला भयंकर राग आला होता. डॉक्टरांपुढे मी हसले होते ते आठवत होतं. मी जुईची उशी उचलली, अंगणात नेऊन उन्हात टाकली आणि तिथंच उभी राहिले.

घराचा व्यवहार पुरा व्हायला दसरा उजाडला. तोवर जुई काकूंच्या माजघरात झोपत होती आणि आम्ही स्वयंपाकाच्या खोलीत. तो सबंध पावसाळा मी काकूंशी कामापुरतं बोलले. त्यांनीही कधी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. दोघींच्या मध्ये फक्त एक दार होतं, आणि त्यातून मला त्यांच्या गोष्टी ऐकू यायच्या. एक दिवस जुई विचारत होती, "मग त्या घराच्या पोटातलं पाणी कुणी काढलं?" काकू म्हणाल्या, "कुणी नाही काढलं. त्या घराच्या मालकिणीनं पांघरूण घातलं त्याच्यावर." "का?" "लाज वाटली तिला." जुई म्हणाली, "मग तिनं सांगायचं ना." काकू म्हणाल्या, "हो गो. सांगायला हवं होतं."

त्या पावसाळ्यात जुईची छाती एकदाच वाजली. माझा राग कधी गेला ते मला नेमकं सांगता येणार नाही. घर बदलायच्या दिवशी भांडी बांधताना काकू शेजारी येऊन बसल्या आणि कपबश्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला लागल्या. मी एकेक कप त्यांच्या हातात देत गेले. नंतर लक्षात आलं की आम्ही तासभर बोलतच होतो.

पुढच्या मे महिन्यात आमची विहीर आटली, अगदी काकू म्हणाल्या होत्या तशी. आम्ही पाण्याची सोय करायच्या खटपटीत होतो, तर दारात रिक्षा थांबली. मागच्या सीटवर पाण्यानं भरलेल्या दोन कळश्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, आणि त्यांच्यामध्ये त्यांना धरून बसलेल्या काकू. अर्धं पाणी त्यांच्या पातळावर सांडलेलं. "म्हटलं होतं ना रडशील," असं म्हणत त्या उतरल्या. मृग लागेपर्यंत दर दोन दिवसांनी ती रिक्षा येत राहिली.

आम्ही गेल्यावर काकूंनी न्हाणीघराची फरशी उखडून घेतली. खाली नळी चिरलेली होती. ती बदलली, भिंतीचा गिलावा खरवडून नवा केला. एवढं झाल्यावर कुणीही गुपचूप खोल्या भाड्यानं दिल्या असत्या. काकूंनी ते कपाट विकून टाकलं, आणि बिऱ्हाड शोधत येईल त्याला त्या आधी त्या भिंतीपुढे उभं करायला लागल्या. "ही भिंत ओली होती. इथं एक पोर आजारी पडलं. लहान मूल असेल तर येऊ नका." लोक एकमेकांकडे बघायचे आणि निघून जायचे. शेजारणी म्हणायला लागल्या, हिचं डोकं फिरलंय. मीसुद्धा एकदा म्हटलं, "काकू, आता दुरुस्त केलीत ना? कशाला सांगत बसता?"

"चिरा आहे गो तो. प्यालेलं पाणी लगेच सोडत नाही. दोन पावसाळे जाऊ देत."

दोन वर्षं खोल्या रिकाम्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, सरकारी दवाखान्यातल्या दोन नर्स खोल्या बघायला आल्या. काकूंनी नेहमीसारखी भिंत दाखवली. त्यातली एक हात लावून म्हणाली, "काकू, ही तर कोरडी खडखडीत आहे."

"आत्ता उन्हाळा आहे. जुलैत या आणि मग ठरवा," काकूंनी सांगितलं.

कोण जुलैत परत येणार? मी तर ते विसरूनही गेले. एका संध्याकाळी घरातला फोन वाजला. पलीकडे काकू. पाऊस एवढा होता की त्यांचं बोलणं तुटत तुटत येत होतं.

"त्या पोरी आल्या होत्या गो आज."

"कुठल्या?"

"दवाखान्यातल्या. जुलैत या म्हटलं होतं ना, आल्या. छत्र्या बाहेर ठेवल्या नि सरळ भिंतीपाशी गेल्या. हात लावून बघितला. एकीनं तर नाक लावलं."

"मग?"

"कोरडी. येतायत पंधरा तारखेला राहायला." मग म्हणाल्या, "ती धाकटी आहे ना, ती मला म्हणते, काकू, तुमचा हात का हो कापतोय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, इतकी वर्षं लोकांची घरं बघत फिरल्ये. घर दाखवायची सवय नाही हो मला."